घारमावशीची चाळिशी

घारमावशीच्या नजरेवर शंका घेणारा अजून जन्माला यायचाय, असं त्या हॅचरीत सगळे म्हणत. तशी तिथं आठवड्याला तीस हजार पिल्लं जन्माला येत, पण शंका घेणारं त्यांत एकही नव्हतं. पिल्लांच्या कारखान्यात घार नेमलीय, यापेक्षा जुना विनोद त्या इमारतीत दुसरा नसेल. बावीस वर्षं रोज कुणी ना कुणी तो करायचाच, आणि मावशी रोज हसायची. तिला ते नाव आवडायचं, खोटं कशाला बोला.

तिचं काम एकच. उबवणीच्या मशीनमधली अंडी आठव्या दिवशी बाहेर काढायची, अंधाऱ्या खोलीत आणायची आणि एकेक अंडं दिव्याच्या पेटीवर धरायचं. पेटी म्हणजे पत्र्याचा डबा. आत दिवा, वर अंड्याच्या बुडाएवढं भोक. त्या भोकावर अंडं टेकवलं की ते आतून उजळतं. जीव धरला असेल तर लाल रेषा झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरलेल्या दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका लुकलुकतो. जीव धरलाच नसेल तर नुसतं पिवळंधमक. आणि धरून मग मेला असेल तर रेषा आटतात, आणि आत रक्ताचं एक बारीक कडं तेवढं उरतं. ते कडं ओळखणं ही सगळी विद्या. कारण मेलेलं अंडं आत राहिलं की उबेनं सडतं, फुगतं आणि एक दिवस फट्कन फुटतं, ते थेट शेजारच्या पन्नास अंड्यांवर घाण उडवून. तो वास एकदा घेतलेला माणूस दोन दिवस धड जेवत नाही.

मावशीच्या हातून असं अंडं सुटायचं नाही. तासाला हजार अंडी, आणि तीही बोलत बोलत.

मग लागली चाळिशी. खरं तर चाळिशी लागायला तिला सेहेचाळिसावं उजाडलं, आणि त्याचाही तिला अभिमान होता. आधी पेपर लांब धरून झाला. मग हात पुरेना. मग चष्मा आला, आणि चष्म्यानं हॅचरीत तिचा छळ मांडला. मशीनची खोली गरम आणि दमट, अंधारी खोली गार. ट्रे आणायला मशीनच्या खोलीत शिरलं की काचा पांढऱ्या. पुसायच्या, दोन पावलं टाकायची, परत पांढऱ्या. दिवसाला चाळीस खेपा आणि चाळीस वेळा पुसणं. एकदा आंधळ्यासारखी दाराच्या चौकटीवर आपटली आणि नव्वद अंड्यांचा ट्रे लवंडला. त्या संध्याकाळी लेकीनं तिला हाताला धरून डोळ्यांच्या दुकानात नेलं.

तिथली लेन्सवाली ताई लेकीच्याच वयाची, गोड बोलणारी. तिनं सांगितलं की आता चाळिशीसाठीही लेन्स मिळतात. बुबुळावर बसवायच्या, जवळचं दिसतं आणि लांबचंही. मावशीनं आधी नाक मुरडलं, मग बसवून घेतल्या. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या खोलीत तिनं तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली, हातातल्या कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ वाचली, आणि घरी जाताना रस्त्यावरच्या पाट्याही वाचल्या, त्याही मोठ्यानं. घरी पोचल्यावर साबणाच्या वेष्टनामागचा मजकूर नवऱ्याला वाचून दाखवला. त्या माणसानं निमूटपणे ऐकला. पंचवीस वर्षांच्या संसारात कधी ऐकायचं हे त्याला कळलेलं होतं.

सोमवारी ती अंधाऱ्या खोलीत बसली. पहिलं अंडं पेटीवर धरलं आणि तिला वाटलं, हात हलतोय. अंड्याभोवती उजेडाचं धुकट वलय आलं होतं. आतल्या रेषांच्या शेजारी त्याच रेषांची फिकी सावली, जणू कुणी दुसरं अंडं मागून धरलंय. तिनं डोळे चोळले, पाणी घातलं. तेच. ताई म्हणाली होती की सवय व्हायला दिवस लागतील. मावशीनं मनाशी म्हटलं, होईल सवय. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. नजरेवर नाव कमावलेल्या बाईनं नजरेची तक्रार कुणापुढं करायची? ही तिची चूक, आणि ती तिला चांगलीच भोवली.

पुढच्या आठवड्यात तिच्या ट्रेमधली अकरा अंडी फुटली. एक नाही, दोन नाही, अकरा. रक्ताचं कडं आणि त्याची फिकी सावली एकमेकांवर पडली की कडं फुटल्यासारखं दिसायचं, रेषांसारखं पसरलेलं, आणि मेलेल्या अंड्याला ती जिवंत म्हणून सोडून द्यायची. मशीनच्या खोलीत तीन दिवस कुणी नाक उघडं ठेवून गेलं नाही.

सुपरवायझर तसा वाईट माणूस नव्हता, आणि तेच अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यानं मावशीला सगळ्यांसमोर खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मऊ आवाजात सांगितलं की बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलंत, आता डोळ्यांना विश्रांती द्या. ट्रे धुण्याच्या विभागात उजेड भरपूर आहे. पुढच्या सोमवारपासून पेटीवर धाकटी बसेल. धाकटी म्हणजे मावशीच्या धाकट्या दिराची बायको, सख्खी जाऊ. सहा वर्षांपूर्वी तिला हॅचरीत चिकटवली होती ती खुद्द मावशीनं.

मावशीनं पाणी प्यायलं नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, जाऊ दे, वय होतंच. एवढंच म्हणाला बिचारा. मावशीनं भांडं असं आदळलं की शेजारच्या घरातली बोलणी थांबली. वय झालं म्हणजे काय झालं? अंडं वयानं हातात धरलं होतं का? साबणाचा मजकूर परवा कुणी वाचला, वयानं? याच डोळ्यांनी, याच लेन्स घालून स्वयंपाकघरात मला सुईत दोरा ओवता येतो, मग तिथंच काय धाड भरते? रागाच्या भरात बोलून गेली, आणि बोलता बोलता थांबली. खरंच की. डोळे तेच, लेन्स त्याच, बाई तीच. मग तिथं वेगळं काय आहे?

नवऱ्याला वाटलं, शांत झाली. त्याला काय ठाऊक.

रात्रीच्या जेवणाआधी मावशी फ्रिजमधलं एक अंडं आणि बॅटरी घेऊन न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावली. दिवा बंद केला. बॅटरीच्या तोंडावर अंडं धरलं. आलं, वलय आलं, कवचावरच्या डागांच्या शेजारी डागांची पिल्लंही आली. मग तिनं दिवा लावला. अंडं फिकं पडलं, पण डाग एकेकटे, नेटके. परत बंद, परत डागांची पिल्लं. मग तिनं कडी काढून दार बोटभर उघडलं. बाहेरचा उजेड आत आला, वलय आक्रसलं. वीतभर उघडलं, गेलंच. अंडं मात्र अजून छान उजळलेलं दिसत होतं. ती पंधरा मिनिटं ते दार उघडत मिटत राहिली.

बाहेर नवरा उभा होता. त्यानं विचारलं, पोट बिघडलंय का. ती म्हणाली, पोट नाही, अंधार बिघडलाय. तो जेवायला जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डोळ्यांच्या दुकानात गेली. लेन्सवालीनं पुन्हा तक्ता दाखवला, मावशीनं पुन्हा घडाघडा वाचला. लेन्सवालीचा चेहरा खुलला. नंबर अगदी बरोबर आहे काकू, थोडी सवय होऊ द्या, असं तिनं समजावलं आणि पुढच्या माणसाला बोलवायला दाराकडं वळली. मावशी खुर्चीतून उठली नाही. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं अंडं काढलं, बॅटरी काढली आणि मांडीवर ठेवली.

"पोरी, आता दिवे बंद कर," ती म्हणाली.

लेन्सवालीनं सांगून पाहिलं की तपासणी उजेडातच करायची असते. बाहेर चार माणसं बसली आहेत हेही सांगितलं. मावशी म्हणाली, बसू दे, मी अंधारात बावीस वर्षं बसलेय. तू मला जिथं तपासलंस तिथं मी काम करत नाही, आणि जिथं काम करते तिथं तू मला तपासलं नाहीस. उजेडात पोहायला शिकवायचं आणि अंधारात विहिरीत ढकलायचं, याला काय म्हणतात? आता एवढं ऐकल्यावर दिवे बंद करण्यावाचून त्या पोरीपुढं दुसरा इलाज उरला नाही.

दिवे बंद झाले. मावशीनं अंडं बॅटरीवर धरलं आणि जे दिसत होतं ते सांगितलं, वलय किती, सावली कुठल्या बाजूला, कितपत फिकी. मग लेन्सवालीनं एक लहान मंद दिवा लावला, खणातून काळ्या ठिपक्यांची पट्टी काढली आणि मावशीच्या डोळ्यांशेजारी धरली. लहान ते मोठे ठिपके ओळीनं होते. कुठला ठिपका बाहुलीएवढा, ते तिनं पाहिलं. मग मोठे दिवे लावून परत पाहिलं. मग परत बंद करून परत पाहिलं. बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"काकू, उजेडात तुमची बाहुली तीन मिलिमीटर आहे. अंधारात साडेसहा. या वयात बाहुली सहसा एवढी उघडत नाही, तुमची उघडते."

मावशीला ते कौतुकच वाटलं, पण पोरगी पुढं जे सांगू लागली ते तिनं कान देऊन ऐकलं. लेन्सवालीनं कागदावर लेन्स काढली, एकात एक गोल. अगदी मध्ये जवळचा नंबर, कडेकडेनं लांबचा. डोळ्याची बाहुली म्हणजे खिडकी. उजेडात खिडकी लहान होते आणि जवळचं बघताना मधला भाग नेमका खिडकीपुढं येतो, म्हणून कार्ड स्वच्छ दिसतं. अंधारात खिडकी सताड उघडते आणि कडेचे सगळे गोलही आत येतात. मग जवळच्या अंड्याचं एक चित्र नीट पडतं आणि त्यावर दुसरं धुकट पडतं. तीच सावली, तेच वलय. डोळ्यात दोष नाही, लेन्सही खराब नाही. दोघांची गाठ चुकीच्या उजेडात पडली आहे.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "काम कुठं करता हे मी विचारलं. कसल्या उजेडात करता, ते विचारलंच नाही."

आपली चूक असं तोंडावर कबूल करणारी माणसं मावशीनं आयुष्यात बोटांवर मोजण्याइतकी पाहिली होती. तिचा राग तिथंच अर्धा उतरला. उरलेला अर्धा तिनं हॅचरीसाठी राखून ठेवला. लेन्सवाली म्हणाली की नुसत्या जवळच्या नंबरच्या लेन्स देता येतील, पण मग चार हातांपलीकडचं सगळं पुसट, ट्रे घेऊन चालायचं कसं? वेगळ्या घडणीच्या लेन्सही मागवून बघू, त्यांना महिना लागेल. पण सगळ्यात सोपं म्हणजे खोलीत थोडा उजेड. समोरच्या भिंतीवर पडेल एवढा, डोळ्यांवर येणार नाही असा. बाहुली आपोआप लहान होईल. होईल का तेवढं, तिनं विचारलं.

मावशीनं अंडं रुमालात गुंडाळलं. होईल का नाही ते माहीत नाही, म्हणाली, पण करणार.

अंधाऱ्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'आत पूर्ण अंधार ठेवावा'. जुन्या मालकानं रंगवून घेतलेलं. तो जाऊन पंधरा वर्षं झाली, पाटी तेवढी राहिली. दारावर काळा जाड पडदा, फटींना काळ्या चिंध्या, आणि आत कुणी खिशातला फोन काढला तरी सुपरवायझर ओरडायचा. मावशीनं त्याला गाठून सगळं सांगितलं, बाहुली, खिडकी, एकात एक गोल. कागदही दाखवला. त्यानं कागद नीट पाहिला, घडी घालून परत दिला आणि हसला. म्हणाला, मावशी, नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतील हो. तुमचं हसं होऊ नये म्हणून सांगतो.

आजूबाजूला पाचसहा जणी होत्या. मावशीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण आवाज चढला नाही.

"साहेब, कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. ते कुणी मोजत नाही, एवढंच."

मग तिनं जे सांगितलं ते तिथल्या दुसऱ्या कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, कारण तेव्हापासूनची ती एकटीच उरली होती. ही पाटी रंगवली तेव्हा पेटीत कसला दिवा होता? मिणमिणता पिवळा बल्ब. खोलीत काजवा शिरला असता तरी अंड्यातलं दिसलं नसतं. म्हणून अंधार. पुढं दिवा बदलला. आता पेटीत जो पांढरा दिवा आहे तो भर दुपारी खिडकीत ठेवला तरी अंडं आरपार दिसेल. दिवा बदलला, मग अंधार का नाही बदलला? दुखणं गेलं आणि पथ्य राहिलं, असं झालंय.

सुपरवायझर म्हणाला की नियम म्हणजे नियम. एकीसाठी खोली बदलली तर उद्या प्रत्येक जण आपापला दिवा घेऊन येईल. मावशी म्हणाली, सुरुवात मीच करते, आणि शनिवारी सकाळी लेकीचा अभ्यासाचा दिवा काखेत मारून आली. अंधाऱ्या खोलीत गेली, काळा पडदा दोन बोटांत धरून बाजूला सारला, दिव्याचं तोंड भिंतीकडं केलं, खटका दाबला, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. सोमवार उजाडायचा होता, खुर्ची अजून तिचीच होती.

तिनं अंडं पेटीवर ठेवलं. एकच अंडं दिसलं. रेषा सुट्या, ठिपका जागच्या जागी, भोवती वलय नाही. डोळे भरून आले, पण लेन्स वाहून जाईल या भीतीनं तिनं पाणी मागं परतवलं.

सुपरवायझर धावत आला. मागं धाकटी, तिच्यामागं धुण्याच्या विभागातल्या बायका. कुणी कामावर आहे असं वाटेना. मावशी उठली नाही. तिनं सांगितलं, हाताच्या कांकणाला आरसा कशाला? एक ट्रे आणा. अंड्यांवर तुमच्या हातानं आकडे घाला. आधी धाकटीनं तुमच्या अंधारात बघायचं आणि मेलेल्यांचे आकडे लिहायचे. मग मी माझ्या दिव्यात बघते. तुम्हीच ताडून पाहा.

एवढ्या बायकांसमोर नाही म्हणणं सुपरवायझरला जमलं नाही. नव्वद अंड्यांचा ट्रे आला. दिवा बंद करून धाकटीनं बघितलं, तिला पाऊण तास लागला. दिवा लावून मावशीनं बघितलं, तिला सात मिनिटं. दोघींचे कागद शेजारी ठेवले. पंच्याऐंशी अंड्यांवर दोघींचं एकमत होतं. उरलेली पाच धाकटीनं मेलेली लिहिली होती आणि मावशीनं जिवंत.

सुपरवायझर म्हणाला, फोडून बघू, आत्ता निकाल लागेल. त्यानं एक उचललंसुद्धा. मावशीनं त्याचं मनगट धरलं. बावीस वर्षांत तिनं साहेब माणसाला हात लावला नव्हता.

"आत जीव असेल तर? माझं खरं ठरवायला त्याला मारणार?"

त्यानं अंडं खाली ठेवलं. मग ठरलं ते असं. पाची अंड्यांवर लाल पेन्सिलीनं गोल काढायचा आणि ती मशीनमध्ये परत ठेवायची. एकविसाव्या दिवशी जे दिसेल ते दिसेल. तेरा दिवस बाकी होते. तोवर खुर्चीवर धाकटी, पडदा बंद, दिवा बंद. आणि यातलं एक जरी फुटलं तर, मावशीनं आपणहून सांगितलं, मी तोंड न उघडता ट्रे धुवीन, निवृत्त होईपर्यंत. असं बोलायची काही गरज नव्हती. पण ती घारमावशी होती, बोलून गेली.

ते तेरा दिवस तिनं ट्रे धुतले. उजेड खरंच भरपूर होता, सुपरवायझर खोटं बोलला नव्हता. एवढा उजेड, आणि त्यात बघायला काय, तर ट्रेला चिकटलेली घाण. बायका तिची बाजू घेत होत्या, आणि आतून थोड्या घाबरतही होत्या. घारीचे पंख छाटले, असं कुणीतरी म्हणालं. मावशी म्हणाली, पंख नाही, लेन्स आहेत, रोज रात्री काढून ठेवते. दुपारच्या सुट्टीत मात्र ती मशीनच्या खोलीत जाऊन उभी राहायची आणि नाकानं हवा ओढायची. वास आला तर आपलं संपलं, हे तिला माहीत होतं. वास आला नाही.

नवव्या दिवशी धाकटी घरी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, जाऊबाई, मला ती खुर्ची नकोय. मावशी चिडली. उपकार करायला आलीस का, असं तिनं विचारलंच. धाकटीनं मान हलवली. म्हणाली, उपकार नाहीत. त्या अंधारातून बाहेर आलं की डोळ्यांत सुया टोचतात. डोकं ठणकतं. तुम्ही बावीस वर्षं कशा बसलात, तेच कळत नाही. मला वाटलं, मीच नाजूक. मग मावशीनं पहिल्यांदाच कबूल केलं की तिचंही डोकं ठणकायचं. पहिल्या दिवसापासून. तिलाही वाटलं होतं, आपणच नाजूक. दोघी जावा उंबऱ्यावर बसून हसल्या, आणि नवरा बाहेर येऊन बघून परत आत गेला.

एकविसाव्या दिवशी सकाळी पाची अंडी वेगळ्या टोपलीत काढली होती. सगळी हॅचरी या ना त्या निमित्तानं तिथून जात येत होती. रात्रीपासून तडे पडत होते, नऊ वाजता पहिलं पिल्लू बाहेर आलं. दहाच्या आत तिसरं पिल्लू ओलंचिंब बाहेर पडून धापा टाकत होतं. साडेदहाला चौथं. बायकांनी टाळ्या पिटल्या. सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता. पाचवं अंडं तसंच. अकरा वाजले, बारा वाजले. लाल गोलाचं ते अंडं टोपलीत मुकाट पडून राहिलं.

सुपरवायझर म्हणाला, मावशी, पाचात चार म्हणजे वाईट नाही. कुणी काही म्हणणार नाही. पण त्याच्या मऊ आवाजात काय होतं ते मावशीला ऐकू आलं. चार पिल्लं विसरली जाणार होती आणि पाचवं अंडं लक्षात राहणार होतं.

तिनं ते अंडं उचललं आणि अंधाऱ्या खोलीकडं निघाली. सगळे मागून आले. दिवा लावायला ती वाकली, त्याआधीच धाकटीनं पडदा बाजूला केला होता, नुसता बाजूला नाही, कडीसकट ओढून काढला होता. तिनंच भिंतीचा दिवा लावला. मावशीनं अंडं पेटीवर धरलं. नीट पाहिलं, फिरवून पाहिलं, एका हातावरून दुसऱ्या हातावर घेऊन पाहिलं. हलणारं काही नव्हतं. जीव होता, पण मध्येच केव्हातरी गेला होता.

"हे मेलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्या दिवशी जिवंत होतं की नव्हतं, ते आता कळायचं नाही. म्हणून चूक माझीच धरा. एक माझी." मग टोपलीकडं बोट केलं. "ती चार तुम्ही टाकणार होतात, साहेब."

टोपलीतली चार पिल्लं तेवढी कलकलत होती. सुपरवायझरनं तोंड उघडलं, नियम हा शब्द त्याच्या ओठावर आला असावा, कारण त्यानं दाराकडं बघितलं. दारावरची पाटी तशीच होती. पण धाकटी त्या पाटीला पाठ लावून उभी होती, हातात काळ्या पडद्याचा बोळा, आणि ती म्हणाली की साहेब, दिवा मलाही हवाय. तिच्यामागून धुण्याच्या विभागातली एकजण म्हणाली, मीही कधी पेटीवर बसले तर मलाही.

मग त्यानं विचारलं की भिंतीवरच्या दिव्याला केवढा बल्ब लागेल.

मावशीनं मेलेलं अंडं बादलीत ठेवलं, हात धुतले, आणि कुणी बस म्हणायची वाट न बघता आपल्या खुर्चीत बसली. लेकीचा दिवा भिंतीकडं तोंड करून जळत होता. तिनं न बघता हात मागं केला आणि म्हणाली, "ट्रे द्या."

धाकटीनं दिला.